अकरावं गणित

“काढ, कुमे. डोळे मिट आणि एक चिठ्ठी काढ,” दादा म्हणाले.

मी डोळे मिटले आणि देव्हाऱ्यासमोरच्या तांब्यात हात घातला. तांब्याचं तोंड अरुंद. चार बोटं कशीबशी आत गेली. तळाशी दोन चिठ्ठ्या होत्या, घट्ट घडी घातलेल्या. एक बोटाला लागली, ती मी सोडली. दुसरी धरली. मग वाटलं, पहिलीच बरी होती. ती शोधायला गेले, तर पहिली कुठली आणि दुसरी कुठली हेच कळेना.

“आगं, चिठ्ठी काढतीयास का कोंबडी धरतीयास?” आई चुलीपुढून म्हणाली.

हाताला लागली ती मी बाहेर काढली.

“वाच,” दादा म्हणाले.

मी घडी उलगडली. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अक्षर. शाळेच्या फळ्यावरचं, गावातल्या निम्म्या लग्नपत्रिकांवरचं तेच टपोरं अक्षर.

“रोहिणी,” मी वाचलं. वर्गात वाचते तसं, खणखणीत. आवाज कापला नाही याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

रोहिणी म्हणजे माझी ताई. ती शेजारीच उभी होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दादांनी तांब्यातली दुसरी चिठ्ठी न उघडताच काढली, अंगणात जाऊन तुळशीच्या मातीत बोटानं भोक पाडलं आणि तिथं पुरली. आमच्याकडची रीतच तशी. देवापुढं चिठ्ठ्या टाकल्या की निघालेली वाचायची आणि उरलेली तुळशीत घालायची. ती उघडायची नाही. उघडली तर देवाचा शब्द मोडतो म्हणतात. शेताच्या बांधापासून बारशाच्या नावापर्यंत आमचं कोरेवाडी गाव सगळं असंच ठरवायचं. गावातल्या तुळशी पाण्यावर नाही, कागदावरच पोसल्यात असं दादाच चेष्टेनं म्हणायचे.

त्या चिठ्ठ्या कशासाठी होत्या ते सांगते.

आठ दिवसांपूर्वी कोल्हापूरहून मोठ्या आत्याचं पत्र आलं होतं. आत्या तिथं सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं लिहिलं होतं, ‘दोघींपैकी एकीला माझ्याकडे पाठवा, मॅट्रिकपर्यंत मी बघते. क्वार्टरमध्ये एकच मूल ठेवायची परवानगी आहे. कोणाला पाठवायचे ते तुम्ही ठरवा.’ सोबत तिथल्या मुलींच्या शाळेचा छापील अर्ज होता. मंगळवारच्या टपालानं तो भरून परत पाठवायचा होता.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा नऊ मैलांवर, आणि मध्ये नदी. मुलगे नावेनं जात, पाणी कमी असलं की चालत जात. मुलींची शाळा मात्र सातवीलाच संपायची, मग नदीला पाणी असो वा नसो. ताई आदल्या वर्षी सातवी पास होऊन घरी बसली होती. लहानपणी तिला ताप आला आणि तिचा डावा पाय जरा आखूड राहिला. ती चालताना एका बाजूला झुकायची. मी सातवीत होते आणि वर्गात पहिली यायचे. हे फुशारकीनं सांगत नाही. वर्गात एकूण चौदा पोरं, त्यातली सहा गुरांमागं.

कोल्हापूरला मीच जाणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी तर मनातल्या मनात ट्रंकेत कपडेही भरले होते.

दादा आमच्याच शाळेत शिकवायचे. घरी दादा, शाळेत गुरुजी. शाळेच्या उंबऱ्याच्या आत मी त्यांना दादा म्हटलं की अंगठे धरून उभं राहावं लागायचं. आणि गुरुजींचं गणित म्हणजे काय सांगू! पुस्तकातली गणितं ते आठवड्यात संपवायचे आणि मग स्वतःची घालायचे. त्यात गावातला प्रत्येक माणूस एकदा तरी यायचाच. धोंडूबाईच्या दुरडीत दहा अंडी, त्यातली तीन नासकी. न बघता एक उचललं तर नासकं निघण्याची शक्यता किती? आठ दिवसांत एस.टी. सहा वेळा बंद पडली, तर आज बंद पडण्याची शक्यता किती? उत्तर दशांशात लिहा. शक्यतेची गणितं सातवीच्या पुस्तकात नव्हतीच. पण दशांश शिकवायला ती बरी पडतात, असं गुरुजींचं मत.

“शक्यता नेहमी शून्य आणि एक यांच्या मधे असते,” ते फळ्यावर रेघ ओढून सांगायचे. “हे टोक शून्य. म्हणजे कधीच नाही. ते टोक एक. म्हणजे खात्रीनं. या दोन टोकांची गणितं मी तुम्हाला कधी घालणार नाही. का?”

“उत्तर आधीच माहीत असतंय, गुरुजी,” आम्ही ओरडायचो.

“आणि उत्तर आधीच माहीत असेल तर गणित कशाला मांडायचं? ती फसवणूक झाली. गणितात वशिला चालत नाही.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. म्हणाले, “तुम्ही दोघी मला सारख्या. मी कुणा एकीचं नाव घेणार नाही. चिठ्ठ्या टाकू. दोन चिठ्ठ्या, दोन नावं. कुमे, तुझं नाव निघण्याची शक्यता किती?”

“एक भागिले दोन. शून्य दशांश चिन्ह पाच.”

“आणि ताईचं?”

“तेवढीच.”

“म्हणजे आठ आणे तुझं, आठ आणे तिचं,” आई म्हणाली.

“आठ आणे नव्हे, शून्य दशांश चिन्ह पाच,” दादा आणि मी एकदमच म्हणालो, आणि हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

मनातून मी खट्टू झाले होते. जाणं ठरल्यासारखंच होतं, त्याचं एकदम निम्मं झालं होतं. पण तक्रार कशी करणार? ताईला सोडून मला एकटीला शिकवा, असं तोंड वर करून कसं म्हणणार? गणितानं ठरवणं हे न्यायाचंच होतं, आणि ते गुरुजींनी मला शिकवलेल्या न्यायाला धरून होतं. उलट मला अभिमानच वाटला. दुसऱ्या कुणाच्या बापानं मुलींमध्ये अशी सारखी वाटणी केली असती?

तर रविवारी सकाळी माझ्याच हातानं ताईची चिठ्ठी निघाली.

“हाताला यश लागतं बाई,” आई म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली. मी उजव्या हाताकडं बघत राहिले. पहिली चिठ्ठी का सोडलीस? कुणी सांगितलं होतं? त्या दिवशी तो हात मी मांडीखाली घेऊन बसले. जेवताना काढावाच लागला म्हणून काढला.

दुपारी ताई मागच्या दारी आली. मी भांडी घासत होते. ती पायरीवर पाय लांब करून बसली आणि बराच वेळ राखेत रेघा मारत राहिली.

“कुमे, तूच जा.”

“कुठं?”

“कोल्हापूरला. मी दादांना सांगते, मला नाही जायचं म्हणून. मला तसंही भूमिती जमत नाही. तिथल्या मुली माझ्या चालण्याला हसतील.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला. सकाळचाच तांब्या, मलाच घासायचा आला होता. खरं सांगते, माझ्या तोंडाशी ‘बरं’ आलं होतं. एक अक्षर जास्त बोलायची गरज नव्हती.

“नाही,” मी म्हणाले. “देवापुढं ठरलंय. गणितानं ठरलंय. आता बदललं तर ते लबाडी होईल.”

“तुला वाईट नाही वाटत?”

“वाटतंय. पण निम्मी शक्यता तुझी होती ना? मग मिळालं ते तुझंच.”

ताई रडायला लागली आणि मला मिठी मारली. माझे हात राखेनं बरबटलेले, म्हणून मी ते लांब धरून उभी राहिले. मला आपण केवढ्या मोठ्या झालो असं वाटत होतं.

भांडी झाल्यावर आठवलं, गणितं राहिली आहेत. शनिवारी गुरुजींनी दहा गणितं तोंडी सांगितली होती. ती आम्ही कच्च्या कागदावर उतरून घेतली होती. सोमवारी पक्क्या वहीत प्रश्न, रीत, उत्तर असं सुवाच्य लिहून द्यायचं होतं. मी शनिवारीच सगळी सोडवली होती आणि कागद खिडकीत दगडाखाली ठेवला होता. बघते तर दगड होता, कागद नव्हता.

घर शोधलं. आईला विचारलं, ताईला विचारलं. मग देव्हाऱ्यापाशी गेले, तर निघालेली चिठ्ठी अजून तिथंच हळदीकुंकवाच्या पाळ्याखाली होती. सहज उचलली. पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलेलं माझंच अक्षर! गणित एक ते पाच. धोंडूबाईची अंडी मोडून निम्मी माझ्या हातात आली होती. दादांनी चिठ्ठ्यांसाठी हाताला लागला तो कागद घेतला होता. एका बाजूनं कोरा दिसला, मधोमध फाडला, कोऱ्या बाजूला नावं लिहिली. सहा ते दहा दुसऱ्या तुकड्यावर होती, आणि दुसरा तुकडा तुळशीत.

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर शेजारच्या मुलीकडून गणितं उतरवून घेतली असती. पण वर्गातली सगळ्यात जवळची शालन मळ्यात राहायची, दीड कोसावर. आणि गुरुजींची मुलगी असून गृहपाठ अपुरा न्यायचा? शक्यच नाही. दादा पारावर गेले होते. आई पडवीत आडवी झाली होती. मी अंगणात गेले.

उरलेली चिठ्ठी उघडायची नसते, हे मला माहीत होतं. म्हणून मी देवाशी करार केला. मी नाव वाचणार नाही. नाव खाली ठेवीन, गणितं वर धरीन, उतरवून घेईन आणि जशीच्या तशी परत पुरेन. नाव वाचायचं कारणही काय होतं? ते माझंच असणार.

माती ओली होती. सकाळचं पाणी अजून मुरलं नव्हतं. चिठ्ठी भिजून मऊ झाली होती. नखानं अलगद घडी सोडवली, गणितांची बाजू वर केली आणि तुळशीच्या कट्ट्यावर पसरली. सहावं गणित वाचायला लागले. पण शाई ओली होऊन कागदातून अलीकडं उमटली होती. पेन्सिलीच्या अक्षरांमागं दादांचं टपोरं अक्षर उलटं दिसत होतं.

मी डोळे बाजूला केले. मग पुन्हा बघितलं. काही तरी चुकत होतं.

माझ्या नावात दोन उकार आहेत. कु आणि मु. दोन्ही खाली लोंबतात. दादा ते चांगले लांब काढायचे, रेघेच्या खाली. या कागदावर खाली काहीच लोंबत नव्हतं. जे होतं ते सगळं डोक्यावर. एक मात्रा, दोन वेलांट्या.

मी चिठ्ठी पालथी केली.

‘रोहिणी.’

एकदा वाटलं, देवानंच अक्षरं बदलली. मी करार मोडला म्हणून शिक्षा केली. तेराव्या वर्षी माणूस बापावर संशय घ्यायच्या आधी देवावर घेतं. मग डोकं हळूहळू चालायला लागलं, आणि ते चाललं तेही दादांनी शिकवलेल्या वाटेनंच. एकूण चिठ्ठ्या दोन. ताईच्या दोन. माझ्या शून्य. मी पहिली धरली असती, दुसरी धरली असती, दोन्ही एकदम काढल्या असत्या तरी काय होणार होतं? आणि मलाच काढायला का लावलं तेही कळलं. आपल्या हातानं काढली की भांडायला तोंड राहत नाही.

“तुळस का उकरलीस?”

आई मागं उभी होती. मी चिठ्ठी तिच्यापुढं धरली. आईला वाचता येत नव्हतं. पण तिनं कागदाकडं बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि मला समजलं की तिला वाचायची गरज नव्हती.

“तुला ठावं होतं?”

आई कट्ट्यावर बसली. पदरानं माझी बोटं पुसायला लागली. मी हात ओढून घेतला.

“रोहीचा पाय बघतीस न्हवं रोज?” ती हळू आवाजात म्हणाली. “तिला कोण करून न्हेणार? तुझं कायबी हुईल, पोरी. तू दिसाया बरी, कामाला वाघ. तिला शिकून सवरून आपल्या पायावर उभं राहाया पायजे. दुसरं हाय काय तिच्याकडं?”

“मग तसं सांगायचं.”

“सांगितलं आसतं तर तू आयकलं आसतंस?”

आज खरं सांगायचं तर मी ऐकलं नसतं. रडले असते, जेवले नसते, आठ दिवस घर डोक्यावर घेतलं असतं. पण शेवटी? शेवटी बहुतेक ऐकलं असतं. ताईच्या पायाकडं बघून गप्प बसले असते. ती संधीच मला कुणी दिली नाही.

“देवाचं नाव घातलं की मानूस गप बसतंय,” आई म्हणाली. “तुझ्या दादाला दोन रात्री झोप न्हवती. आन् रोहीला यातलं कायबी ठावं न्हाई. तिला कळू दिऊ नगंस. ती जायाचीच न्हाई मग.”

ताई दुपारी मागच्या दारी मला काय म्हणाली होती, ते आईला माहीत नव्हतं. आणि मी काय म्हणाले होते तेही. लबाडी होईल! हे मी म्हणाले होते, मी! आता कुठल्या तोंडानं ते परत घेणार होते?

त्या संध्याकाळी मी वही लिहायला बसले. दहा गणितं सुवाच्य लिहिली. प्रश्न, रीत, उत्तर. खाली पट्टीनं रेघ मारली. मग नवं पान घेतलं. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. फाटलेल्या कडा एकमेकींत बरोबर बसल्या. भाताच्या शितांनी मी त्या पानावर चिकटवल्या, नावं वर करून, आणि त्याखाली लिहिलं:

‘गणित ११. एका तांब्यात दोन चिठ्ठ्या आहेत. दोन्हींवर “रोहिणी” असे लिहिले आहे. न बघता एक चिठ्ठी काढली असता “कुमुद” हे नाव निघण्याची शक्यता किती? उत्तर दशांशात लिहा.

रीत: कुमुद नावाच्या चिठ्ठ्या ० ÷ एकूण चिठ्ठ्या २.

उत्तर: ०.०’

दादांना काही विचारायचं नाही, हे मी ठरवलं होतं. दादा खोटं वागले होते. पण गुरुजी अजून शिल्लक होते. गुरुजींनी कधी कुणाचं चुकीचं गणित बरोबर दिलं नव्हतं, पाटलाच्या पोरालासुद्धा नाही. अर्ज अजून कोराच होता. म्हणून दादांची तक्रार मी गुरुजींकडं केली.

सोमवारी वह्या टेबलावर गेल्या. गुरुजी वह्या तपासायला बसले की आम्ही पावकी म्हणायची, मोठ्यानं, ठेक्यात. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. माझी वही वरून पाचवी होती. पहिल्या चार वह्यांवर लाल पेन्सिल सरासर फिरली. मग माझी उघडली. पान उलटलं. बरोबर, बरोबर, बरोबर. पुन्हा पान उलटलं.

पेन्सिल थांबली.

तीस पावला साडेसात झाले की गुरुजी “पुरे” म्हणायचे. त्या दिवशी “पुरे” आलंच नाही. पोरं एकमेकांकडं बघायला लागली आणि कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक पाव पाव, दोन पाव अर्धा.

“माळवदे,” गुरुजी म्हणाले. शाळेत ते मला आडनावानंच हाक मारत. “इकडं ये.”

मी टेबलापाशी जाऊन उभी राहिले. पावकी चालूच होती, त्यामुळं आमचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही.

“मी दहा गणितं घातली होती. अकरावं कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, गुरुजी. माझं मीच घातलं.”

“पक्क्या वहीत आपल्या मनानं काही लिहायचं नसतं.”

“चुकलं असेल तर सांगा, गुरुजी.”

ते वहीकडं बघत होते. चिठ्ठ्यांच्या फाटक्या कडांवरून त्यांनी अंगठा फिरवला. वाळलेलं शीत अंगठ्याला टोचलं असावं. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या डोक्यावरचा टोपीचा वळ मला दिसत होता, आणि त्या क्षणी, देवाशपथ, मला त्यांची दया आली. आता म्हणतील, वाटलं. आता वही मिटतील, म्हणतील, पोरी, चुकलं माझं. किंवा नुसतं म्हणतील, घरी बोलू. तेवढंही पुरलं असतं. ताईच गेली असती तरी पुरलं असतं.

“रीत बरोबर आहे,” गुरुजी म्हणाले.

“आणि उत्तर?”

“उत्तरही बरोबर आहे.” त्यांनी घसा साफ केला. “पण शून्यापुढं दशांश चिन्ह लागत नाही. नुसतं शून्य लिहायचं.”

आणि त्यांनी त्या ठिपक्याभोवती लाल गोल काढला. शेजारी बरोबरची खूण केली. खाली लिहिलं, ११ पैकी ११. तारीख घातली, सही केली, आणि वही माझ्या हातात दिली.

“जा जागेवर.”

ती वही अजून माझ्याकडं आहे. चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या, एक शीत झुरळांनी खाल्लं. लाल गोल मात्र काल काढल्यासारखा आहे.

त्या रात्री दादा जेवताना माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी चटणी मागितली, मी वाढली. पाणी मागितलं, मी दिलं. मी वाट बघत होते. तुम्ही म्हणाल वेडी होतीस, पण अंथरुणावर पडल्यावरसुद्धा मी जागी राहून वाट बघत होते.

ताई गेली. शिकली. टपाल खात्यात लागली आणि पुढं खरोखरच आपल्या पायावर उभी राहिली. आई म्हणाली होती तसंच सोळा आणे झालं. तिला मी यातलं अजून काही सांगितलेलं नाही. माझं लग्न झालं, दोन पोरं झाली आणि सत्ताविसाव्या वर्षी मी बाहेरून मॅट्रिकला बसले. गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडले. पण ते सगळं नंतरचं.

मंगळवारी सकाळी दादांनी अर्ज काढला.

“कुमे, दौत आण.”

मी दौत आणली. ते पाटावर अर्ज ठेवून बसले. दौत कलंडू नये म्हणून मी ती धरून उभी राहिले. ताई उंबऱ्यात बसून वेणी घालत होती आणि आनंदानं लाल झाली होती. दादांनी टाक बुडवला, निथळला आणि छापील रेघेवर नाव लिहायला सुरुवात केली. तेच टपोरं अक्षर. मात्रा, वेलांटी, वेलांटी. तिसऱ्यांदा.

दादा काहीही महत्त्वाचं लिहिलं की मला तपासायला द्यायचे. घरात शुद्धलेखन माझंच चांगलं होतं. सवयीनं त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. सरकवल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांचा हात कागदावर तसाच राहिला.

“वाच,” ते म्हणाले.

“रोहिणी भानुदास माळवदे,” मी वाचलं. वर्गात वाचते तसं, खणखणीत.

“बरोबर आहे?”

“बरोबर आहे, गुरुजी.”

ताई खुदकन हसली. तिला वाटलं, मी चेष्टा करतेय. चुलीपाशी आईचा हात थांबला. दादांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, शनिवारनंतर पहिल्यांदाच, आणि काही बोलायला तोंड उघडलं. मग अर्जावरची शाई वाळवायला फुंकर मारायला लागले.

त्यानंतर ते एकोणीस वर्षं होते. त्यांना पुन्हा दादा म्हटल्याचं मला आठवत नाही.